शेवंतीचा पान्हा

गौतमीच्या ओट्यावर तुपाची बरणी ठेवताना धोंडाबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तोंड तर मिटलेलं होतं. तिनं ओठांवरून पदराचं टोक फिरवून खात्री करून घेतली. तरी आवाज येतच होता, फळीवरच्या काळ्या गोल डबीतून, जेमतेम पानाच्या डब्याएवढ्या. आधी चरवीत धार पडते तसं चुर्र, चुर्र. त्याच्या मागं पाण्यात बुडवून ढोल बडवावा तसा धुम्म धुम्म ठोका. आणि त्या सगळ्याच्या वर ती, माले गावची धोंडाबाई, जिभेनं च्च च्च करत. ये बाई. ये गं. सोड आता. साधे, किती धरून ठेवशील. चुकलं माजं. मग त्यातलं चुकलं तेवढंच कुणीतरी कापून घेतलं होतं आणि विटेवर वीट ठेवावी तसं पुन्हा पुन्हा रचलं होतं, चुकलं, चुकलं, चुकलं, इतकं की शेवटी त्यातलं बोलणं गळून गेलं आणि नुसता टाळीसारखा कोरडा आवाज उरला.

गौतमी लातूरकडची. हिंजवडीच्या कंपनीत कामाला आणि चांद्याच्या ह्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर एकटी. तिला धोंडाबाईचंच तूप लागायचं, आणि दोन आठवड्यांनी एकदा धोंडाबाई ते स्वतः घेऊन यायची, कारण लेक चंद्रकांत वाटेत बरण्या आपटतो असं तिचं ठाम मत होतं. गौतमी खुर्चीत पाय वर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली होती. ती हसून म्हणाली, "आजी, मस्त आहे ना? मी दिवसभर हेच लावून काम करते. इतकं शांत वाटतं." धोंडाबाईनं विचारलं, "कोन हाय ही बाई?" "काय माहीत. खेड्यातली कुणीतरी. 'कानोसा' म्हणून दोघं जण आहेत, एक मुलगा नि एक मुलगी, त्यांचा अख्खा आल्बम एका गोठ्यावर आहे. ह्या बाईची मुलगी वारलीय, आजी. ती म्हशीला तिच्या नावानं हाक मारते. खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघा," असं म्हणून तिनं मोबाइल वाचून दाखवला. माउली, तुमची लेक जिथं असेल तिथं सुखात असो. कुणी नुसतेच हात जोडले होते. कुणी कुठल्या परदेशातून लिहिलं होतं की भाषा कळत नाही, पण मी रडलो.

लेक जिथं असेल तिथं. लेक, साधना, घोटावड्यात होती. पंचेचाळिशीची, धडधाकट, दोन पोरांची आई. मेली न्हाई ती, असं धोंडाबाईच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं, कारण ते म्हणायचं तर तो आवाज आपला म्हणून कबूल करावा लागला असता. ती म्हणाली, "मागली बरनी दे माजी. दोन झाल्या तुज्याकडं." आणि रिकाम्या बरण्या पिशवीत घालून, लिफ्टची भीती विसरून, त्या पेटीत एकटीच उभी राहून खाली आली.

परतीच्या सहा आसनी रिक्षात ती दोन पोत्यांच्या आणि एका जाड बाईच्या मध्ये दबून बसली आणि राग तिच्या दाढेत येऊन बसला. तिचा राग कायम दाढेत बसायचा. गेणबा जिता होता तेव्हा म्हणायचा, तुजी दाढ वाजली की मी खाचराकडं निघतो. आता कुणी निघून जाणारं नव्हतं, म्हणून ती दाढ आपलीच आपण दाबत राहिली. आपल्याला नक्की कशाचा राग आलाय ते तिला नीट धरता येईना. परक्यांनी ऐकलं ह्याचा? ते तर होतंच. कोण कुठला परदेशातला रडतो, त्याला काय अधिकार? पण त्याच्याही खाली तो शब्द होता. अडुसष्ट वर्षांत धोंडाबाईनं तो कुणापुढं काढला नव्हता. सासूपुढं नाही, नवऱ्यापुढं नाही, तलाठ्यापुढं तर नाहीच. भाकरी करपली तर तवा वाईट होता. तो शब्द तिनं गोठ्यात काढला होता, शेवंतीच्या कुशीला कपाळ टेकून, जिथं बोललेलं म्हशीच्या पोटात जातं आणि दुसऱ्या दिवशी शेण होऊन बाहेर पडतं.

आणि तेही पौषात शेवंतीचं रेडकू गेलं म्हणून. म्हैस आटायला लागली. सड हातात घेतला की अंग आखडून घ्यायची, पान्हा वर चोरून धरायची. शेजारची रत्नाबाई म्हणाली, रेडकाच्या कातड्यात पेंढा भर आणि ठेव पुढ्यात, चाटंल आणि सोडंल दूध, समदी तेच करत्यात. धोंडाबाईनं तिला दारातूनच परत लावलं होतं. मुक्या जनावराला फसवून दूध काढायचं? माज्या दारात न्हाई. त्यापेक्षा मी बोलंन तिच्याशी. आणि ती बोलायला लागली. पहिल्या दिवशी नुसतं च्च च्च, दुसऱ्या दिवशी ये बाई, आठव्या दिवशी कसं कोण जाणे तोंडातून साधे निघालं, आणि त्या नावावर म्हशीनं पान्हा सोडला. मग रोज तेच. म्हशीला नाव लागलं आणि धोंडाबाईला म्हैस.

घोटावडं आलं तशी सहा आसनी कंपन्यांच्या वळणावर हळू झाली. ह्या वळणावर धोंडाबाई चार वर्षं मान उजवीकडं फिरवून बसत आली होती, कारण डावीकडं, रस्त्यालाच, साधनाचं घर होतं. आजही मान फिरली. फिरली आणि तिला पौडच्या कचेरीतलं ते बाकडं दिसलं. गेणबाला जाऊन वर्ष झालेलं. साधना नवी चप्पल घालून आलेली, भावासाठी लाडू घेऊन. धोंडाबाईनं तिला सांगितलं होतं की सातबाऱ्यावर वारसाची नावं लावायचा कागद आहे. साधनानं कागद हातात घेऊन विचारलं, "वाचू का, आये?" आणि धोंडाबाई म्हणाली होती, "आता आयेच्या कागदाचं बी वाचन करनार तू? नुसता कागद हाय." पोरगी लाजली होती. लाजून तिनं सही केली होती. तो कागद हक्कसोडीचा होता, बापाच्या जमिनीतला वाटा सोडल्याचा. सहा महिन्यांनी ओढ्याकाठच्या विकलेल्या खाचरात बंगलेवाल्यांची भिंत उभी राहिली तेव्हा साधनाचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर धोंडाबाईनं तिला दुप्पट ओरडून गप्प केलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती." फोन बंद. त्या दिवसापासून ती माहेराला आली नाही, आणि धोंडाबाई गावभर सांगत फिरली, न्हाई आली तर न्हाई, आमचं काय अडलंय तिच्यावाचून.

मागायचं. तेच तर जमत नव्हतं. मागायला हात पसरावा लागतो, आणि समोरचीनं नाही म्हटलं तर तो हात घेऊन घरी कसं यायचं? फसवायला हात लागत नाही, नुसती जीभ लागते, आणि जिभेला तर तिच्या कुणी हात लावू शकलं नव्हतं. हे तिला सहा आसनीत, दोन पोत्यांच्या मध्ये, इतकं लख्ख कळलं की तिला त्या पोत्यांचासुद्धा राग आला.

'कानोसा'वाली ती दोघं, निषाद आणि जुईली, धोंडाबाईच्याच गोठ्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती. पुण्याची पोरं. आली तेव्हा सामान म्हणजे तारांची भेंडोळी, पेट्या आणि काठीच्या टोकाला लावलेलं माइकचं एक केसाळ बोंडूक, मेलेल्या मुंगसासारखं. आम्ही आवाज गोळा करतो, त्यांनी सांगितलं होतं, आणि त्याची गाणी करतो, एका आल्बमात एका जागेची गोष्ट. आवाज काय गोळा करायची वस्तू आहे का, आंबे आहेत का ते, असं धोंडाबाई म्हणाली खरी, पण मनातून तिला ती दोघं आवडली होती. भाताच्या खाचरात खेकडं कसं चालतं ते ऐकायला पोरगी चिखलात पालथी पडायची. पोरगा ट्रान्सफॉर्मरला कान लावून उभा राहायचा, देवाला लावावा तसा. ताकाला कधी नको म्हणायची नाहीत. एक दिवस त्यांनी तिला विचारलं, आजी, तुमचे पण आवाज घेऊ का, आणि तिनं ठेवणीतलं लुगडं नेसून दुपारभर आवाज दिले. सुपात तांदूळ पाखडून दिले. विळी दिली, रवी दिली, दाराची कडी सात वेळा लावून दिली. त्यांनी मान डोलावून सगळं घेतलं. आणि मग शिमग्याच्या आधी जुईली म्हणाली की म्हशीचं रवंथ हवं आहे, गव्हाणीत एक छोटं यंत्र दिवसभर ठेवलं तर चालेल का. ठेव की, म्हशीची काय अब्रू जातीय.

म्हणजे सूप नको होतं. रवी नको होती. जे तिनं दिलं ते टाकून दिलं आणि जे दिलं नव्हतं ते नेलं.

दोघं अंगणातच होती. पोरगी तारा गुंडाळत होती. धोंडाबाईनं पिशवी खाली ठेवली नाही. "मला काडा त्यातनं," ती म्हणाली. "आत्ता. माज्यासमोर." निषाद म्हणाला, "कशातनं, आजी?" पण जुईलीच्या हातातली तार थांबली. ती म्हणाली, "आजी, तुम्ही कुठं ऐकलं?" "चांद्याला. येका पोरीच्या भांड्याच्या फळीवर. माजी लेक मेली म्हनून रडत्यात लोकं. कुनी सांगितलं तुमाला ती मेली म्हनून?" "आम्ही असं कुठंच लिहिलेलं नाही, आजी. ऐकणाऱ्यांनी तसं समजून घेतलं." "आन् तुमी समजू दिलंत." पोरीनं तार खाली ठेवली. निषाद जमिनीकडं बघत म्हणाला, "खरं सांगू का, आजी, आम्हालाही तेच वाटलं. दीड वर्ष राहतोय इथं. भिंतीवर चंदूदादांच्या लग्नाचा फोटो आहे, नातवंडांचे आहेत. तिचा कुठं नाही. घरात कुणी नाव घेत नाही. म्हटलं, गेलेल्या माणसाचं कसं विचारायचं."

धोंडाबाईला भिंतीवरचा तो रिकामा खिळा आठवला. फोटो तिनंच काढला होता, दिवाळीच्या सारवणात काढला आणि परत लावला नाही, कणगीच्या मागं उभा करून ठेवला. ती म्हणाली, "माज्या भिंती मोजाय ठिवलं नव्हतं तुमाला. मला न इचारता माजं बोलनं चोरलंत." त्यावर जुईली वर गेली आणि एक कागद घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, हेच वाईट होतं. कागदावर तळाला धोंडाबाईची सही होती. चौथीपर्यंतच्या शाळेत गिरवलेली, मोठी, एकेक अक्षर खुंट्यासारखं ठोकलेलं. आंगठा तिनं आयुष्यात कधी दिला नव्हता. "घरातले आणि गोठ्यातले सगळे आवाज, असं लिहिलंय ह्यात," जुईली हळू म्हणाली. "मी वाचायला लागले होते, आजी. तुम्ही म्हणालात, वाचू नगंस, मला येतंय वाचता, नुसता कागद हाय."

दाढेतून कळ निघून कानापर्यंत गेली. नुसता कागद हाय. ती त्या पोरीच्या चेहऱ्याकडं बघत राहिली आणि पोरगी लाजली, तश्शीच, बाकड्यावरच्या दुसऱ्या पोरीसारखी. निषाद घाईघाईनं म्हणाला, "आम्ही काढून टाकतो. आजच काढतो, आजी, तुम्हाला नको असेल तर एक दिवसही ठेवायचं नाही. पण ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडून परत नाही आणता येणार." धोंडाबाई म्हणाली, "घट बसायच्या आत खोल्या मोकळ्या करा." मग पायरी चढताना वळून म्हणाली, "आन् ताकाचं भांडं घासून ठिवत जा. कसलं चिकाट असतंय."

सकाळी ती गोठ्यात गेली, चरवी मांडीत धरली, कपाळ शेवंतीच्या कुशीला लावलं, आणि तोंड मिटून घेतलं. गव्हाणीत काही नव्हतं. तिनं हात घालून कोपरान् कोपरा चाचपला होता, वैरणीची पेंढी सोडून झटकली होती. तरी तिला वाटत राहिलं की दावणीचा खुंटा ऐकतोय, पत्रा ऐकतोय, खुद्द म्हशीच्या कानात कुणी केसाळ बोंडूक खुपसून ठेवलंय. शेवंती वाट बघत होती. तिनं मान वळवून एकदा बघितलं, नाकातून फुर्र केलं आणि अंग आखडलं. सड ओढला तर कोरडा. दुसरा ओढला, कोरडा. धोंडाबाईनं कास थोपटली, कोमट पाणी मारलं, पेंड पुढं टाकली. म्हशीनं पेंड खाल्ली आणि पान्हा वरच धरला. बोल, तर देते. च्च एवढं तरी करावं म्हणून जीभ टाळूला लावली, आणि तिला चांद्याच्या फळीवरची ती डबी ऐकू आली. जीभ टाळूलाच राहिली. हे पण नेलं. माझं गाऱ्हाणं नेलं ते नेलं, माझी धार पण नेली. आता मी माझ्याच गोठ्यात मुकी.

चंद्रकांत दात घासत आला. थोडा वेळ दारात उभा राहिला, मग चूळ भरून म्हणाला, "आये, सरक वाईच." आणि खिशातून मोबाइल काढून म्हशीच्या पुढं गव्हाणीच्या कडेवर ठेवला. चुर्र, चुर्र. च्च च्च. ये बाई. ये गं. साधे, किती धरून ठेवशील. शेवंतीचे दोन्ही कान पुढं झाले. कातडीवरून एक लाट गेली, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि धोंडाबाईच्या हातात कास जड झाली. तिनं काही केलं नव्हतं. दूध आपोआप ठिबकायला लागलं, चरवीच्या बाहेर, तिच्या पावलावर, गरम.

पेंढा भरलेलं रेडकू. तिच्या दारात न्हाई म्हणाली होती, आणि हे काय होतं मग? कातडं तिचंच, आत पेंढा, आणि जनावर चाटतंय. तिला मोबाइल उचलून खाचरात भिरकावावासा वाटला, पण दोन्ही हात सडांना होते आणि हात थांबले असते तर दूध वर गेलं असतं, म्हणून ती पिळत राहिली, दाढ दाबून पिळत राहिली.

"तुला ठावं व्हतं?" ती म्हणाली.

"गनपतीपासनं. समद्या गावाला ठावं हाय. रत्नाबाईच्या शैलेशनं तर गाडीत लावून ठिवलंय."

"आन् मला सांगावं वाटलं न्हाई."

"तुला कोन सांगनार, आये," चंद्रकांत म्हणाला. रागानं नाही, हवापाण्याचं बोलावं तसं.

धार चरवीत पडत होती आणि मोबाइलमध्येही पडत होती, एक दुसरीच्या जरा मागं. धोंडाबाईनं विचारलं, "तिनं ऐकलंय?"

"मीच धाडलं तिला."

"काय म्हनली?"

"काय न्हाई. ऐकल्याची निशानी आली. दोन निळ्या रेघा. बोलली न्हाई."

दोन निळ्या रेघा. धोंडाबाईनं चरवी लेकाच्या हातात दिली, अर्धी धार तशीच सोडून, जे तिनं लग्न होऊन आल्यापासून कधी केलं नव्हतं. पायावरचं दूध तिनं धुतलं नाही.

घोटावड्यात साधना पडवीत बसली होती. पुढ्यात कंपनीतून आणलेल्या रबरी चकत्यांचं टोपलं होतं, आणि ती एकेका चकतीच्या कडेचं उरलेलं रबर कात्रीनं कापून टाकत होती. कच, कच. केस कानाजवळ पांढरे झाले होते. ते धोंडाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून खडीचे डंपर जात होते, आणि प्रत्येक डंपराबरोबर पडवीचा पत्रा थरथरत होता. साधनानं वर बघितलं, आईच्या पायावरचे वाळलेले पांढरे ओघळ बघितले, आणि कात्री चालूच ठेवली.

"चंदूनं धाडलं व्हय तुला?"

"मला कोन धाडनार?" धोंडाबाई म्हणाली आणि पायरीवर बसली. बसल्यावर लक्षात आलं की बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"ऐकलं मी," साधना म्हणाली. "दोनदा ऐकलं. माज्या नणंदेनं बी ऐकलं. ती मलाच म्हनाली, बघ किती माया करती ती बाई तिच्या मेलेल्या लेकीवर." कच. "म्हशीला सांगाया जमलं तुला. चार वरसं झाली. माल्यास्नं हितं यायला किती येळ लागतो गं, आये?"

धोंडाबाईच्या पोटात उत्तरं तयार होती. वाटेत सगळी लावून आणली होती, आधी त्या पोरांना शिव्या, मग बंगलेवाल्यांना, मग चंद्रकांतला, आणि मग ओघात, जाता जाता, ते. पण इथं ओघ नव्हता. इथं कात्री होती. तिनं तोंड उघडलं आणि जीभ आपली सवयीनं टाळूला लागली आणि बाहेर पडलं ते च्च च्च.

साधनाची कात्री थांबली. "मी म्हैस न्हाई, आये."

"म्हैस असतीस तर बरं झालं असतं," धोंडाबाईची दाढ आपोआप वाजली, "कवाच सोडला असतास."

साधनाच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही ते कळायच्या आत तिनं तो दातात धरला. खालचा ओठ, डावीकडून, दाढेनं. धोंडाबाईनं ती दाढ ओळखली. पंचेचाळीस वर्षं आपण ही पोरगी गेणबावर गेली असं सांगत आलो.

मग तिनं म्हटलं. रस्त्याकडं तोंड करून, पदर ओठांवर धरून, एका दमात म्हटलं, कागदाचं, खाचराचं, नुसता कागद हाय ह्याचं, आणि शेवटी तो शब्द. नेमका तेव्हा खडीचा डंपर चढाला लागला. पत्रा थडथडला, टोपल्यातल्या चकत्या नाचल्या, धूळ पडवीत आली. गोठ्यात ती पुटपुटली होती तर यंत्रानं श्वासासकट उचललं होतं, आणि इथं हातभर अंतरावर, उजेडात, धड कानांच्या माणसापुढं, सगळं त्या चाकांखाली गेलं.

"काय म्हनलीस?" साधना म्हणाली. "मला ऐकू न्हाई आलं."

धोंडाबाईनं वळून तिच्याकडं बघितलं. खरंच ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येईना. राग उसळून वर आला, त्या डंपराचा, ह्या पोरीचा, दोन वेळा बोलायला लावणाऱ्या सगळ्या जगाचा, आणि उठून चालू लागावं म्हणून तिनं गुडघ्यावर हात टेकलासुद्धा. वळणावर आणखी एक डंपर दिसत होता. ती तशीच, गुडघ्यावर हात ठेवून, तो येईपर्यंत थांबली. तो आला, पत्रा वाजवून गेला. धूळ हळूहळू खाली बसली. साधनानं कात्री टोपल्यात ठेवली.

धोंडाबाईनं ओठांवरचा पदर काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.